पुढचं दार बघा

"डोळा काय हुबेहूब काढलाय गं पोरीचा," फिलोमिना टॅन्सी दारातच म्हणाली, आणि अंधाऱ्या जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं इमेल्डाचं झालं. हसायला हवं होतं म्हणून ती हसली. हॅलोवीनची संध्याकाळ, आणि तळमजल्यावरचं हे पहिलंच दार. वर अजून तीन मजले होते, आणि दर मजल्यावर गॅलरीला लागून आठ आठ दारं. पुढे तिची मुलगी जसिंटा उभी होती, वय वर्षं आठ, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेली, गालांवर जळक्या बुचाची काजळी, हातात उशीचा अभ्रा, आणि तो उजवा डोळा. दुपारी चारला तो नुसता लाल होता. आता सहाच्या सुमाराला पापणी पिकल्या आलुबुखारासारखी फुगून बंद झाली होती, आणि जांभळेपणा नाकाच्या हाडापर्यंत पसरला होता. फिलोमिना गुडघ्यावर हात ठेवून वाकली. "कशानं केलंस? बुटाच्या पॉलिशनं?" इमेल्डाने तोंड उघडलं, पण काही बाहेर पडायच्या आत जसिंटाच बोलली, "नाही, बूच जाळलं. आणि वरनं माचं जुनं लिपस्टिक." "आणि सूज गं?" "पाव भिजवून लावलाय. त्याच्यावर रंग." फिलोमिनाने कमरेवर हात ठेवले. "बघ म्हणजे. आणि आमच्या ऑर्लाला दीड पौंडाचा मुखवटा आणला, तर शाळेतनं घरी येईस्तोवर त्याचं इलॅस्टिक तुटलं. इमेल्डा, तुझ्याकडून शिकायला पाहिजे बाई, बिनपैशाचा सण कसा करावा ते." तिने अभ्र्यात दोन सफरचंदं आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. मूठ. इमेल्डा त्या मुठीकडे बघत राहिली. ती उघडली, शेंगा खाली पडल्या, एवढंच झालं होतं.

गॅलरीतून पुढच्या दाराकडे जाताना तिला राग आला तो जसिंटाचा. हे तिचं तिलाच विचित्र वाटलं, पण आला खरा. इतकं सफाईदार खोटं ही पोरगी बोलली कशी? पाव भिजवून. कुणी शिकवलं हिला? आणि लगेच आठवला तो वर्ग, खडूची धूळ, समोर मास्तरीण, आणि नऊ वर्षांची इमेल्डा सांगते आहे, जिन्यावरून पडले, बाई. कोळशाची बादली घेऊन येत होते, पाय घसरला. बादली कुणी विचारली नव्हती. पण बादली घातली की गोष्ट खरी वाटते, हे त्या वयात तिला आपोआप कळलं होतं. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं, दुसरं काय. मागे चौकात पोरांनी होळीसारखा ढीग रचला होता, लाकडी पाट्या, टायर, मोडकी दारं, कुणाचातरी गादी फाटलेला कोच, आणि त्याच्याभोवती ती पोरं एकमेकांच्या पायांत फटाके फेकत होती, उत्तरेकडून सीमेपलीकडून चोरून आणलेले. प्रत्येक आवाजाला इमेल्डाचे खांदे वर जात. जसिंटाचे जात नव्हते. ती नुसती एका डोळ्याने भिंतीचा अंदाज घेत चालली होती, आणि उजव्या बाजूला काय येतंय ते कळावं म्हणून मान पक्ष्यासारखी वळवत होती.

या वर्षी काही विकत आणायचं नाही, हे इमेल्डाने पंधरा दिवसांपूर्वीच सांगून टाकलं होतं. ख्रिस्टी इंग्लंडात बांधकामावर गेला त्याला आता दीड वर्ष होत आलं. आधी दर आठवड्याला पाकीट यायचं, मग महिन्याला, आता नाताळाला येईल तेव्हा खरं. हॉटेलच्या लाँड्रीत ती दिवसभर चादरींना इस्त्री करायची, दोन बाजूंना दोन बायका आणि मधे चादर दाबणारा गरम रूळ, दिवसाला चारशे चादरी, आणि त्यांतली एक आपली नाही. मुखवटा नाही, फुलबाजी नाही, दुकानातला ब्रॅक, तो बेदाण्यांचा गोड पाव, तोही नाही. बटाटे-कोबी कुस्करून त्यात कागदात गुंडाळलेलं नाणं घालू, ते ज्याला मिळेल तो श्रीमंत, झाला सण. अंथरूण पाहून पाय पसरावेत. जसिंटाने सगळं मुकाट्याने ऐकलं होतं, वाद घातला नव्हता, आणि मूल वाद घालत नाही तेव्हा ते काहीतरी ठरवत असतं हे इमेल्डाला कळायला हवं होतं. आज दुपारी ती कामावरून घरी आली. रविवारी हिवाळ्यासाठी सगळ्यांची घड्याळं तासभर मागे केलेली, त्यामुळे चारलाच उजेड मळका झाला होता. चौकात शिरताना कुणीतरी तिच्या दोन पायांच्या मधोमध फटाका टाकला. ती किंचाळली नाही, पण घशात ती किंचाळी तशीच राहिली, आणि ती घेऊनच ती जिना चढली, पोरीसाठी दिवसा उघडंच ठेवलेलं बाहेरचं दार लोटलं, खोलीचं दार ढकललं. खोलीत तिची आई उभी होती.

म्हणजे चादर उभी होती. पण ती चादर साधी नव्हती. घरात दोन चादरी वापरायच्या, आणि तिसरी ही, कपाटाच्या वरच्या फळीवर निळ्या कागदात गुंडाळलेली, जाड सुती, कडेला विणलेली पट्टी. घरोघरी अशी एक असते. अंगावर घ्यायची नसते, मेलेल्या माणसाच्या खाली घालायची असते. आईला हिच्यावरच निजवलं होतं, याच खोलीत, सहा वर्षांपूर्वी, हातांत जपमाळ गुंफून, आणि सगळ्या गॅलरीतल्या बायका येऊन म्हणाल्या होत्या, किती शांत दिसते. शांत. जन्मात एकदाच. नंतर चादर धुवून, उकळून, इस्त्री करून पुन्हा फळीवर गेली होती, पुढच्यासाठी, आणि पुढची आपणच हे इमेल्डाला धरून चालता येत होतं. आणि आता ती चादर कपाटापाशी उभी होती, मळक्या उजेडात, आणि तिला दोन डोळे होते. काळे, गोल, वेडेवाकडे कापलेले. चादरीने दोन हात वर केले आणि म्हणाली, "भ्वाँ." यानंतर जे झालं ते इमेल्डाला दोन तऱ्हांनी आठवत होतं, आणि संध्याकाळभर ती त्या दोन आठवणी आलटूनपालटून हाताळत होती. पहिल्या तऱ्हेत ती चादर ओढते, पोरगी गिरकी खाते, आणि पलंगाची लोखंडी कड डोळ्याला लागते. दुसरीत हात वर जातो.

दुसऱ्या मजल्यावर तिने पहिली तऱ्हा धरून ठेवली होती. पलंगाची कड. तिथल्या बायका एकामागून एक दार उघडत होत्या, कोबीच्या वासासकट, आणि एकामागून एक तेच म्हणत होत्या. कोण म्हणाली, खरी वाटते गं सूज, हात लावू? कोण म्हणाली, इस्पितळातनं पळून आलेलं प्रेत का हे? जसिंटा म्हणाली, हो, मेल्यावर पण पळालं. सगळ्या हसल्या. मुलगी रंगात आली होती. दर दाराला ती थोडं थोडं नवीन घालत होती, आता पट्ट्यांचीही गोष्ट झाली होती, मा-ने स्वतः फाडल्या म्हणाली, एकेक, माझ्या मापाच्या. तेही खरंच होतं. त्यानंतर चादर इमेल्डाच्या हातात आली होती आणि तिने ती फाडली होती, भोकांपासून सुरू करून, दातांनी, मग हातांनी, आणि कापड फाटण्याचा तो लांब, कोरडा आवाज काही केल्या संपत नव्हता, आणि पोरगी भिंतीला टेकून दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती आणि म्हणत होती, तूच म्हणालीस काही आणायचं नाही, मा, मी काहीच आणलं नाही, हे घरातलंच आहे, मा, फुकट आहे. करायला गेली एक. इमेल्डाने शेवटची पट्टी फाडली तेव्हा भिंतीपलीकडे रेडिओ लागलेला तिला ऐकू आला. मोठ्याने, बातम्या की गाणं तेही कळू नये इतक्या मोठ्याने. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. कुठून ओळखीचा ते आठवायला तिला सवड नव्हती, कारण तेवढ्यात जसिंटाने एक पट्टी उचलून मनगटाला गुंडाळली होती आणि एका डोळ्याने तिच्याकडे बघत म्हणाली होती, "बघ, अजून छान होईल."

आई लाकडी डावाने मारायची. हाताने कधीच नाही. हात दुखतो म्हणायची. डाव ओट्यावरच असायचा, त्याच डावाने लापशी ढवळायची, आणि मारून झालं की धुवून पुन्हा तिथेच. पोटऱ्यांवर, मांड्यांच्या मागे, पाठीवर; एकदा तोंडावर, तेव्हाची ती बादली. आई वाईट नव्हती असं इमेल्डा नेहमी म्हणायची, लोकांना, ख्रिस्टीला, आणि ते म्हणताना तिचा आवाज चढायचा. पाच पोरं, नवरा गोदीत पडून कमरेतून गेलेला, तिने काय पूजा करायची होती पोरांची? आणि घरोघरी मातीच्या चुली, त्या काळात कुठल्या घरात पोरं फुलासारखी वाढली? पण जसिंटाला घेऊन इस्पितळातून परत येताना टॅक्सी पुलावर थांबवून तिने आईचा तो डाव, जाताना मुद्दाम पिशवीत लपवून नेलेला, नदीत टाकला होता. टॅक्सीवाला म्हणाला, "नवस का काय बाई?" ती म्हणाली हो. आणि आठ वर्षं तो पाळला होता. कधी टपली, कधी चापटी, तेवढी कोण देत नाही. आठ वर्षं तिला वाटत होतं की मार त्या लाकडात होता, तो पाण्याबरोबर समुद्राला गेला. आणि आज तिच्याजवळ लाकूड नव्हतंच. तिने आयुष्यात कधी वळली नव्हती ती गोष्ट वळली होती. अंगठा बाहेर ठेवायचा, आत नाही, हे तिच्या हाताला कुठून माहीत होतं?

तिसऱ्या मजल्यावर शेवटून दुसरं दार हॅनरॅटी म्हाताऱ्याचं. तो दरवर्षी दिवा बंद करून बसायचा, आणि दरवर्षी पोरं मुद्दाम त्याचं दार वाजवायची, कारण त्याचं ते वाक्य ऐकल्याशिवाय सण झाल्यासारखा वाटत नसे. जसिंटाने दारातल्या पत्रं टाकायच्या फटीची पितळी झडप वाजवली आणि शाळेत शिकवल्यासारखं ओरडली, "हॅलोवीनच्या जेवणाला हातभार लावा हो." आत खुर्ची करकरली. "इथे काही मिळायचं नाही," म्हातारा आतूनच म्हणाला, "पुढचं दार बघा." जसिंटा पोट धरून हसली. हसताना डोळा दुखला असणार, कारण हसणं मधेच तुटलं आणि तिने दोन बोटं पापणीजवळ नेऊन मागे घेतली. इमेल्डाने ते पाहिलं. तिच्या मनात आलं, आता इथेच सांगावं, या बंद दाराला, आत ऐकणारा एकटा बहिरट म्हातारा आहे त्याला: हा रंग नाही. हे मी केलंय. पण म्हातारा म्हणाला असता, पुढचं दार बघा. आणि बरोबरच म्हणाला असता.

सात वाजता चौकातला ढीग पेटवला. कोचाने आधी नुसता धूर काढला, मग एकदम भडका घेतला आणि आतल्या स्प्रिंगा ताडताड उडायला लागल्या. अग्निशमनाची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली; पोरांनी तिच्यावर बाटल्या फेकल्या, गाडी मागे गेली, दरवर्षीप्रमाणे. एका मोठ्या पोराने दुसऱ्याला ढिगाच्या अगदी जवळ धरून ठेवलं होतं, कॉलरला, भुवया करपेपर्यंत, आणि भोवतालची पोरं आकडे मोजत होती. कुणी सोडवत नव्हतं. सणाला एवढं चालायचंच. सगळ्यांत चांगल्या सोंगाला इमारतीतल्या बायका दरवर्षी बक्षीस द्यायच्या, ती जागा आगीपासून जरा दूर, कपडे वाळत घालायच्या खांबांपाशी होती. टेबल मांडलेलं, त्याच्यावर बेदाण्यांचा मोठा ब्रॅक, आणि टेबलामागे नॅन क्वर्क. नॅन क्वर्क इमेल्डाची शेजारीण, आज नाही, जन्मापासूनची. याच घरात इमेल्डा जन्मली, आईच्या पश्चात घर तिच्या नावावर झालं, आणि नॅन भिंतीपलीकडे आहे तशीच राहिली, आता सत्तरीची, दमेकरी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलं रांगेने पुढे येत होती, चेटकिणी, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांची वटवाघळं, बापाच्या कोटातले भुरटे. जसिंटाची पाळी आली. आगीच्या उजेडात तो डोळा इमेल्डाला जसिंटा पाठमोरी असूनही दिसत होता, कारण समोरच्या बायकांच्या चेहऱ्यांवर तो दिसत होता.

नॅनने मुलीची हनुवटी धरली आणि चेहरा वर केला. मग आपला अंगठा जिभेवर ओला केला, पोरांच्या तोंडावरचा जॅम पुसायला बायका करतात तसा, आणि त्या जांभळ्या फुगवट्यावरून एकदा, सावकाश, नाकापासून कानशिलापर्यंत फिरवला. जसिंटा हलली नाही. एवढीशी पोर, तिने दोन्ही पायांचे अंगठे बुटात घट्ट आवळले असतील, पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, उलट हसू. असं उभं राहता येण्यासाठी किती सराव लागतो हे इमेल्डाला माहीत होतं. तिला वर्षं लागली होती. जसिंटाला तीन तास. नॅनने अंगठा आगीच्या उजेडात धरून बघितला. अंगठा स्वच्छ होता. गुलाबी, म्हातारा, स्वच्छ. मग तिने तो एप्रनला नीट पुसला, काजळी लागली असती तर पुसला असता तसा, पुढून आणि मागून, आणि खोकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पहिला नंबर. असा डोळा मी चाळीस वर्षांत बघितला नाही." टाळ्या पडल्या. फिलोमिना टॅन्सी म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" आणि जसिंटा ब्रॅक दोन्ही हातांनी छातीशी धरून वळली, आणि आईला शोधताना मान उजवीकडून पार वळवून आणावी लागली तिला.

घरी इमेल्डाने पाणी कोमट केलं आणि ओट्याशी स्टूल मांडून तिला बसवलं. उद्या सर्व संतांचा दिवस, शाळेला सुटी पण चर्चला जायलाच हवं, आणि चर्चमध्ये स्वच्छ तोंडाने जावं लागतं. काजळी साबणाने सहज गेली, गालांवरची, कपाळावरची. पाणी काळं झालं, मग करडं. खालून तिच्या पोरीचा चेहरा निघाला, लहानसा, ठिपकेवाला, आणि जितका तो उजळत गेला तितका डोळा जास्त काळा दिसायला लागला, आणि हाडावर बोटांच्या चार गाठींचे वण वेगवेगळे दिसायला लागले. चार. पलंगाच्या कडेला गाठी नसतात. इमेल्डा फडकं पिळत राहिली. पहिली तऱ्हा काळ्या पाण्याबरोबर मोरीत गेली, आणि आता एकच उरली होती. जसिंटा शेंगा फोडून खात होती, आणि टरफलं ओट्यावर एका रांगेत लावत होती. "मा," ती म्हणाली, "आपला खर्च किती झाला सगळा मिळून?" "काही नाही." "आणि मिळाला ब्रॅक. आणि सगळ्यांत जास्त सफरचंदं. ऑर्ला रडली म्हाईतेय?" मग थोडा वेळ टरफलं. मग, अगदी साधेपणाने, पुढच्या रविवारचं विचारावं तसं: "पुढच्या वर्षी पण असंच करू या का? दुसरा डोळा चालेल. पण चादर नको फाडायला, पट्ट्या जपून ठेवू या याच." तिने आईकडे बघितलं. ती खूश करायला बघत होती. ती आपल्याला खूश करायला बघते आहे, हे इमेल्डाला स्वच्छ दिसलं, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं ओल्या फडक्याभोवती आपोआप आवळली गेली. राग. पुन्हा राग, आत्ता, या क्षणी, त्या टरफलांच्या रांगेचा. तेव्हा ती घाबरली. दिवसभरात पहिल्यांदा ती खरी घाबरली, फटाक्याला नाही, भुताला नाही.

"मी नॅन क्वर्ककडे जाऊन येते," ती म्हणाली. "दाराला साखळी लाव. कोणी आलं तर उघडू नकोस." आणि खुंटीवरची किल्ली घेऊन, चपला न घालता, मोज्यांवरच ती गॅलरीत आली. नॅनचं दार लगेच उघडलं, जणू ती दारामागेच उभी होती. खोलीत रेडिओ बंद होता. इमेल्डा उंबऱ्यावरच बोलायला लागली, बसली असती तर बोलता आलं नसतं. "तो रंग नव्हता, मिसेस क्वर्क." "माहितेय मला." "पलंग पण नाही. मूठ होती. माझी." नॅनने दार आणखी उघडलं. "चादर होती तिच्या अंगावर. आईची. मला वाटलं..." इमेल्डा थांबली. हे वाक्य तिने संध्याकाळभर घासून तयार ठेवलं होतं, मला वाटलं आई आहे, आणि आता ते तोंडात मावेना. "नाही. उंची दिसत होती मला. इतकी तर उंची. ती आहे हे दिसत होतं, आणि मारलं." नॅन खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, छातीत घरघर वाजत होती. "सगळ्यांना माहितेय पोरी," ती म्हणाली, "भिजवलेला पाव काय असा दिसतो? पण सण आहे, पोर हसतेय, कोण कशाला बोलेल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आयुष्यभर तेच केलं. तुझी आई सुरू झाली की मी रेडिओ मोठा करायची. तुझा आवाज यायचा तो बंद व्हायचा. आज दुपारी पण हात आपोआप गेला बटणाकडे." ती खोकली, पुष्कळ वेळ. "तुझी आई वाईट नव्हती." "होती," इमेल्डा म्हणाली. हा शब्द असा, एवढ्या साध्या आवाजात, तिने कधी उच्चारला नव्हता. खाली कोचाची शेवटची स्प्रिंग उडाली, पोरांनी आरोळी ठोकली.

मग तिने किल्ली पुढे केली. "ही ठेवा. यापुढे आवाज आला तर रेडिओ नका लावू. दार पण नका वाजवू, वाजवलं तर मी थांबेन, हसेन, साखरेची वाटी देईन आणि तुम्ही गेलात की पुन्हा... आईचं बघितलंय मी. सरळ आत या." नॅनने किल्लीकडे बघितलं. "अगं, माझं वय काय, मी तुला धरणार आहे होय?" "धरू नका. नुसतं येऊन उभं राहा. कोणीतरी बघतंय एवढं मला दिसू दे." नॅनने मघाच्याच एप्रनला हात पुसला आणि किल्ली घेतली. "उद्या चर्चला मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पोरीच्या पलीकडे मी बसेन. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं ते तू सांग. मी नाही सांगणार काही." "मीच सांगेन," इमेल्डा म्हणाली, आणि आपण सांगू की नाही हे तिला माहीत नव्हतं, पण म्हणून तर ठेवलं.

आपल्या दारापाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं की किल्ली आता आपल्याकडे नाही. घराची एकच किल्ली होती. दुसरी ख्रिस्टीच्या खिशात इंग्लंडला गेली होती. तिने दार वाजवलं. आत स्टूल सरकलं, पावलं आली, दाराशी थांबली. "कोण?" "मी." आत काहीच झालं नाही. साखळी वाजली नाही, कडी वाजली नाही. दाराच्या पातळ लाकडापलीकडे पोरगी उभी आहे, श्वास धरून, हे इमेल्डाला अंगाने कळत होतं; ती स्वतः याच दारामागे अशी उभी राहिली होती, आईची पावलं कुठली आहेत, बऱ्या दिवसाची की वाईट, हे ओळखत. लाकूड तेच होतं. "जसिंटा, मी आहे गं." मग आतून आवाज आला, घोगरा केलेला, म्हाताऱ्या हॅनरॅटीचा: "इथे काही मिळायचं नाही. पुढचं दार बघा."

चेष्टा असेल. आवाजात हसू होतं की नव्हतं हे इमेल्डाला काही केल्या ठरवता येईना, आणि ते ठरवायचा हक्क आपला राहिलेला नाही हे मात्र कळलं. दार ढकलावं, ओरडावं, उघड म्हणते ना, हे शब्द तोंडाशी आले, खांदाही दाराकडे झुकला. ती थांबली. मग ती थंड फरशीवर गुडघ्यांवर बसली, पत्राच्या फटीएवढी खाली, आणि म्हणाली, "हॅलोवीनच्या जेवणाला हातभार लावा हो." तिचा आवाज फाटला. पुन्हा म्हणाली. मग पितळी झडप आतून ढकलली गेली, आणि फटीतून एक डोळा तिच्याकडे बघायला लागला, डावा, उघडा असलेला. "हात दाखव," आतून जसिंटाचा, तिचा स्वतःचा, आवाज आला. इमेल्डाने दोन्ही हात झडपेसमोर धरले, बोटं पसरून, तळवे वर. डोळ्याने ते बघितले. उलटे करायला सांगितले, तिने उलटे केले. उजव्या हाताची मधली दोन पेरं सुजलेली होती, तेही डोळ्याने बघितलं. मग डोळा गेला. झडप पडली. इमेल्डा तशीच बसून राहिली, तिने हात खाली घेतले नाहीत. गॅलरीच्या टोकाला कुणाचं तरी दार उघडून बंद झालं, शेजारी नॅनचा खोकला सुरू होऊन थांबला. थोड्या वेळाने झडप पुन्हा वर झाली, आणि आतून दोन बोटांत धरलेली भुईमुगाची एक शेंग बाहेर आली आणि तिच्या तळहातावर पडली.